धनीरामनं लपवलेलं वारूळ

सिहोऱ्याकडच्या धनीराम रहांगडालेला वर्षातले अकरा महिने कोणी विचारत नसे. दीड एकर धान, दोन बैल, आणि बोलायला लागला की समोरचा जांभई देणार. पण श्रावण लागला की हाच माणूस गावातून छाती काढून चालायचा, कारण त्याच्याकडं सात्या असायच्या. वारुळावर उगवणाऱ्या या पांढऱ्या छत्र्यांची भाजी ज्यानं खाल्ली नाही, त्यानं आमच्यासमोर मटणाचं कौतुक करू नये. सरपंच सुलोचनाबाईसुद्धा त्या दिवसांत त्याला 'धनीरामजी' म्हणायच्या.

सात्यांचं वारूळ कुठं आहे, हे आमच्याकडं कोणी कोणाला सांगत नाही. घरातलं भांडण सांगतील, पोटातलं दुखणं सांगतील, वारूळ नाही. धनीरामनं तर हद्द केली होती. सख्ख्या बायकोला, बेबीबाईला, तीस वर्षांत पत्ता लागू दिला नव्हता. झुंजूमुंजू होताना पूर्वेला निघायचा, नहराला वळसा घालून पश्चिमेकडून घरी यायचा, आणि मधल्या चिखलात चपला उलट्या घालून चालायचा. बेबीबाई कावून म्हणायची, "सवत ठेवली असती तरी तिचं गाव सांगतलं असतं तुमी!" हा नुसता हसायचा.

एका श्रावणात त्यानं शाळेतल्या भावना मॅडमला वाटीभर सात्या दिल्या. मॅडमनं वाटी घेतली आणि वर ज्ञानही दिलं.

"काका, या सात्या वाळवीनं, तुमच्या उदईनं पिकवल्या आहेत. ती पालापाचोळा, लाकूड चावून आत नेते, त्याचा लगदा करून थर लावते आणि त्यावर बुरशी वाढवते. तेच तिचं खाणं. पाऊस झाला की त्या बुरशीतून सात्या वर येतात. अमेरिकेत तर पानं कातरणाऱ्या मुंग्या आहेत. हिरव्या पानाचे तुकडे डोक्यावर धरून ओळीनं चालतात. बघणाऱ्याला वाटतं खायला नेतात. पण त्याही बुरशीचीच शेती करतात. वावरात भलतं काही उगवलं तर निंदून फेकतात. नवी राणी माहेर सोडते, तेव्हा तोंडात बुरशीचं बियाणं घेऊन निघते."

"म्हणजे शेतकरीच की!" धनीराम चाट पडला. "आन पिकावर किडे पडले तर?"

"अंगावर औषध वागवतात, काका."

"आमाले सोसायटीत रांग लावा लागते," तो म्हणाला आणि विचार करत घरी गेला.

त्या दिवसापासून गडी बिघडला. आपण तीस वर्षं दुसऱ्याच्या वावरातून पीक चोरलं असं एखाद्याला वाटलं असतं. याला वाटलं, आपल्या हाताखाली लाखभर मजूर आहेत! तो रोज मूठभर तणस, धानाचा वाळका पेंढा, वारुळापाशी ठेवून यायचा. पोळ्याला मात्र ठेवली नाही, मजुरांना सुट्टी हवी म्हणून. तरी उदई कामाला लागलेलीच. "सुट्टी देऊन राहिलो तर घेत नाई लेकाचे," असं पुटपुटत, रागावून परत आला. आता बोला.

मग रस्ता आला. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हापासून तो नकाशात होता, आता जमिनीवर उतरला. लाल झेंड्या रोवल्या गेल्या, आणि एक झेंडी धनीरामच्या वारुळापासून दोन हातांवर. पुढच्या सोमवारी जेसीबी येणार होता. माणसाचं जेवण तुटलं. वारूळ गेलं तर श्रावणातही त्याला कोणी विचारणार नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ग्रामसभेत तो उभा राहिला. "रस्त्याले माही हरकत आहे."

"कोणत्या जागी?" इंजिनेर साहेबांनी विचारलं.

"ते सांगता येत नाई."

"काहून?"

"सांगतलं तर हरकत करून फायदा काय?"

साहेबांनी डोकं धरलं आणि वहीत लिहिलं : अर्जदाराची हरकत आहे, जागा गुप्त आहे.

सोमवारच्या आदल्या रात्री धनीराम शेंदराचा डबा घेऊन निघाला. वारुळाला शेंदूर फासला, वर झेंडूचं फूल ठेवलं. मग डोक्यात आलं, एकालाच फासला तर लोक ओळखतील. म्हणून रस्त्याच्या रेषेतली वारुळं शोधत गेला आणि एकोणीसच्या एकोणीस लाल करून टाकली. सकाळी गाव लोटलं. एका रात्रीत एकोणीस देव! जेसीबीवाला खाली उतरून हात जोडून उभा. कोणी म्हणालं, हे कसं झालं? धनीरामच्या नखांत शेंदूर होता, पळायला जागा नव्हती. "मले सपनात आला," तो बोलून गेला.

रस्ता एकोणीस वेळा वाकवला. आजही त्यावर बस आली की प्रवासी एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसतात. धनीरामला गावानं पुजारी केलं, आणि बसायला पाट दिला तो नेमका त्याच वारुळापाशी, कारण तिथली सावली चांगली होती.

श्रावणात सात्या आल्या. अहो, काय आल्या! तीस वर्षांत आल्या नव्हत्या इतक्या, तणस खाऊन माजलेल्या, पांढऱ्याधोप. लोक गहिवरले : देवानं छत्र धरलं. बेबीबाई आरतीचं ताट घेऊन आली. तिनं सात्यांकडं पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि सगळं ओळखलं.

"हेच काय ते?" ती हळूच म्हणाली.

त्यानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तिला हसू येत होतं. "मंग चार तोडा ना. मी भाजी करतो आज."

मागं शंभर माणसं हात जोडून उभी होती. सुलोचनाबाई पहिल्या रांगेत. धनीरामचा हात पुढं गेला आणि तसाच थांबला.

"देवाच्या वस्तूले हात नाई लावा, बाई," तो मोठ्यानं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सात्या काळ्या पडून जागच्या जागी लोळल्या. धनीराम त्यांच्यासमोर बसून हुंदके देऊन रडला. केवढी ही भक्ती, असं म्हणत लोकांनी रांग लावली आणि एकेक जण त्याच्या पाया पडून गेला.