मंगळाची पोरगी

चंद्रपूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आई रडत नव्हती. खिडकीचे गज धरून ती मला बजावत होती, "तिकडे कोनाले सांगू नको वं, तुले मंगळ हाय म्हनून." नागपुरात इंजिनिअर झालेली मुलगी बंगलोरला विमानांच्या नोकरीवर निघाली होती, आणि आईने तिला निरोपाला दिलं ते हे एवढंच.

तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पत्रिकेतल्या मंगळामुळे माझी स्थळं परत जात होती. गावात पत्रिका पाहणाऱ्या महाराजांनी उपाय काढला: आधी मडक्याशी लग्न लावायचं, मग मडकं फोडायचं, म्हणजे मंगळ त्याला बाधतो आणि खरा नवरा वाचतो. दिवसही ठरला. बाबा खाणीतून आले, भुवयांत कोळसा तसाच, आणि म्हणाले, "मडक्याले बायको कायले पायजे? जाऊ दे पोरीले." मी गेले.

पुढे लॅबमध्ये माझ्याकडे आलं ते नेमकं मंगळावर उडवायच्या विनाचालक विमानाचं काम. चाकांची गाडी तिथल्या दऱ्यांत उतरू शकत नाही, उपग्रह फार उंचावरून फिरतो. मधलं पाहायला उडतं यंत्र हवं. तिथली हवा आपल्या हवेच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढी दाट. म्हणून पंख लांब हवेत, वजन मात्र नको. ते घडी घालून न्यायचे आणि यानातून खाली पडता पडता उघडायचे. माझ्या वाट्याला पंखाची बिजागरी आली होती. थंडीत ती अडकायची. ती न अडकता उघडेपर्यंत माझी काही वर्षं गेली. आमचं विमान अजून पृथ्वी सोडून कुठेही गेलेलं नाही, पण आमच्या गावात, घुग्घुसमध्ये, ते गप्पांमधून कधीच पोचलं आहे.

सुट्टीत गेले तेव्हा ताईच्या घरी चहा पिताना भाऊजी म्हणाले, "लग्नाले आडवा आला, अन् नोकरीले कामी आला तुमचा मंगळ!" सगळे हसले. मीही हसले असते, पण कोपऱ्यातून महाराज गंभीरपणे बोलले, "पत्रिकेत होतंच. मंगळानंच नेलं पोरीले तिथवर." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनी खाणीत जादा पाळ्या करून भरलेली फी, माझी नापास झालेली बिजागरी, बॉसची बोलणी, सगळं त्या ग्रहाच्या नावावर जमा.

या वर्षी ताईचा फोन आला. तिच्या मुलीला, पल्लवीला, स्थळ आलंय. पोरगी चंद्रपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिलाही मंगळ, आणि पुन्हा तोच उपाय. "तू येजो," ताई म्हणाली. "महाराज म्हनते, मडकं तुयाच हातानं फोडाचं. तू मंगळाच्या ओळखीची हायेस."

मी म्हटलं, पल्लवीला फोन दे. ती हळूच म्हणाली, "मावशी, मले परीक्षा देऊ दे म्हना ना. मडकं तर सुटून जाते, मीच अडकून राहीन."

मी गेले. ताईच्या अंगणात हळद-कुंकू लावलेलं, सूत गुंडाळलेलं मडकं मांडलं होतं. विधी सुरू व्हायच्या आधीच मी ते उचललं, सूत काढलं, विसळलं, पाणी भरलं आणि स्वयंपाकघरात तिवईवर ठेवलं. महाराज ओरडले, "हे काय करून राह्यली बाई?" मी म्हटलं, "मडक्याचं काम मडक्याले देऊन राह्यली." पल्लवीने पेला भरून घेतला आणि सगळ्यांसमोर प्याली. विधीला आलेले मुलाकडचे उठून गेले. ताई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

म्हणून हे लिहिते आहे, ताई, तुझ्यासाठी, आणि गाव सोडून दूर बसलेल्या, फोनवर "तुमचं तुम्ही पाहा" म्हणून सुटणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी. पल्लवी परीक्षा देणार. पुढे शिकायचं म्हणाली तर बंगलोरला माझ्याकडे राहणार, आणि लग्न तिला वाटेल तेव्हा. पुन्हा मुहूर्त काढलात तर मी पुन्हा येईन.

बंगलोरला मी इतकी वर्षं राहते. नळाला पाणी नसतं, रस्ते तुंबतात, घरमालक भाडं वाढवतो. मी खांदे उडवते आणि कामाला लागते. मांडलेलं मडकं उचलून नेण्याइतका राग मला फक्त घुग्घुसच्या अंगणात येतो. यावरूनच कळतं की माझं घर अजून तेच आहे.