पान बेचाळीसवरचं गाणं

कोसारा वुय्कोव सत्तावीस वर्षं सोंबोरच्या न्यायालयात जबान्या टाइप करते. साक्षीदार दहा मिनिटं बोलतो, न्यायाधीश त्याचं एक वाक्य करून सांगतात आणि कोसारा ते वाक्य टाइप करते. गाळलेलं सगळं ती घरी वहीत लिहून ठेवायची. त्या वह्यांतून तिची पटकथा तयार झाली. नोवी साद शहरातल्या एका चित्रपट निर्मात्याने ती घेतली, हे तिने पहिले दोन महिने कचेरीत कोणाला सांगितलं नाही.

अडलं ते पान बेचाळीसवर. तिथे तिने एका गाण्याचं नाव लिहिलं होतं.

“पटकथेत गाण्याचं नाव घालत नाहीत, कोसाराबाई,” निर्माता मिलुटिन फोनवर म्हणाला. “उद्या हक्क मिळाले नाहीत तर काय करायचं? शिवाय दिग्दर्शकाला वाटतं, ही त्याच्या कामात नाक खुपसते. ‘एक जुनं गाणं वाजतं’, एवढं पुरे. शुक्रवारपर्यंत द्या.”

“कुठलंही जुनं?”

“चांगलंसं जुनं.”

सोंबोरमध्ये जाणत्या माणसाचं स्वतःचं एक गाणं असतं. तो कफानात, म्हणजे गावच्या दारूच्या खानावळीत, शिरला की तंबुरावाले वादक हातातलं गाणं सोडून ते सुरू करतात. तो समोर बसलेला असताना ते दुसऱ्या कोणासाठी वाजवत नाहीत. पान बेचाळीसवर, एका लग्नात, एकाचं गाणं त्याच्यासमोरच दुसऱ्यासाठी वाजवतात. माणूस उठतो, टोपी घालतो आणि अकरा किलोमीटर चालत घरी जातो. गाणं जलद असेल तर लोक नाचत राहतील आणि तो नुसता दारू चढलेला दिसेल. संथच हवं, ज्यावर कोणाला नाचता येत नाही.

प्रसंग कोसाराने रचलेला नव्हता. तो माणूस राडिवोय, तिच्या बाप्तिस्म्याला उभा राहिलेला, तिचा कुम, म्हणजे धर्मपिता. एकोणीस वर्षांपूर्वी त्याचं गाणं आंते नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्यासाठी वाजवलं गेलं. त्यानंतर कुमने कफानात पाऊल ठेवलं नाही. नाव ठेवलं तर सगळा सोंबोर पडद्यावर त्याला ओळखणार होता. काढलं तर प्रसंगात जीव उरत नव्हता.

मंगळवारी तिने नाव काढलं. बुधवारी सकाळी परत घातलं. दुपारी जमिनीच्या दाव्यात वादीचं नाव दोनदा चुकवलं. संध्याकाळी सायकल काढून कालव्यापर्यंत गेली आणि न उतरताच परत फिरली. गुरुवारी कचेरी सुटल्यावर पानं पिशवीत घालून कुमच्या घरी गेली.

दार त्याच्या बायकोने, विदाने उघडलं. “कोण गेलं?”

“कोणी नाही, विदामावशी.”

“मग तोंड असं का केलंयस? बूट काढ, आत्ताच पुसलंय.”

कुम ओसरीत लाल मिरच्या दोऱ्यात ओवत होता. हात तिखट म्हणून पानं कोसाराने धरली. तो वाचायचा, “उलट” म्हणायचा, ती उलटायची. शेवटी तो म्हणाला, “हे चुकलंय.”

“काय?”

“पहिल्या कडव्याला मी उठलो नाही. दुसऱ्याला उठलो. पिश्टा माझ्याकडे बघतो का, ते बघत होतो. तंबुरावाल्यांचा म्होरक्या तो. त्याने नुसती मान हलवली असती तरी मी बसलो असतो.”

“एकोणीस वर्षं मला सांगतोय, बूट चावत होते म्हणून उठलो,” विदा म्हणाली.

“चावतही होते.”

“आणि चावऱ्या बुटांनी अकरा किलोमीटर.”

त्याने आणखी एक मिरची ओवली. कोसाराने विचारलं, “गाण्याचं नाव ठेवू का, कुम?”

“नको. बाकी लिही. उठून जाणारा माणूस कोणीही असेल. गाणं आलं की मीच.” मग दोरा ओढून घेत म्हणाला, “पोरी, ते गाणं आता आंतेचं झालंय. पिश्टा त्याच्यासाठी वाजवतो. पडद्यावर आलं तर लोक म्हणतील, म्हातारा परत मागतोय.”

शुक्रवारी कोसाराने रजा घेतली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पान नव्याने लिहिलं. जोड्या खुर्च्यांकडे परततात. वाढपी ताट घेऊन जागीच थांबतो. पहिलं कडवं अख्खं जातं आणि माणूस म्होरक्याकडे बघत राहतो. म्होरक्या दुसऱ्या टेबलाकडे. दुसऱ्या कडव्याला हात टोपीकडे जातो. एका ओळीचं दीड पान झालं. दुपारी तिने ते पाठवलं.

चार वाजता मिलुटिनचा फोन आला. “मी एक ओळ मागितली होती.”

“नाव काढलंय.”

“ते दिसतंय. पण गाणं कुठलं? वाचल्यापासून शोधतोय, आईलाही विचारलं. लिहू नका, नुसतं सांगा. मी दिग्दर्शकाच्या कानात सांगेन.”

नाव तिच्या ओठांवर होतं. सोंबोरपासून नोवी सादपर्यंत फोनवर कोणी ऐकत नव्हतं.

“नाही सांगता येणार.”

“मग तो चुकीचं गाणं लावेल.”

“लावेल कदाचित.”

“प्रसंग हातचा जाईल, बाई.”

“जाईल.”

सोमवारी कळवतो म्हणून त्याने फोन ठेवला. कोसाराने चहा केला, तो प्यायचा राहिला. ती पुन्हा पान उघडून बसली आणि वाढप्याला दोन पावलं डावीकडे, माणूस आणि म्होरक्या यांच्या नजरेच्या वाटेतून बाजूला सरकवलं.