शेंगांचा डहाळा

धुळा उभ्या आयुष्यात एकच काम मनापासून शिकला होता. आकडीनं डहाळा ओढायचा आणि मेंढरांपुढं टाकायचा. गुडघे गेले तशी त्यानं मेंढरं विकली, पण हात ओढणाऱ्याचेच राहिले. आणि नशीब असं, की म्हातारपणी काम मिळालं ते नेमकं ढकलायचं.

उजनीच्या काठानं माजलेली वेडी बाभूळ तोडून ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्रात घालायची. फांदी तोंडाशी नेली की आतले रूळ ती खेचून घेत आणि पलीकडं तिचा भुसा उडे. यंत्रवाल्या मल्लिनाथनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रुळानं फांदी धरली, की सोडायची. कायबी झालं तर हा लाल दांडा दाबायचा. दुसरं डोकं चालवायचं न्हाय."

धुळानं मान डोलावली, पण धास्ती काही गेली नाही. भीती स्वतःची नव्हती. बायको केराबाई चार शेरडं घेऊन रोज तिथं यायची. शेरडांच्या तोंडच्या शेंगा फांद्यांसकट भुशात जातात, हे तिला बघवत नसे. आधी ती लांबच्या ढिगातून शेंगा तोडायची. आठवड्याभरात यंत्राच्या तोंडापाशी येऊन उभी राहिली.

"केरे, मागं सर!"

"सरते की. तुमी लई भित्रं."

सरायची, आणि दहा मिनिटांत पुन्हा तिथंच.

त्या मंगळवारी एक डहाळा शेंगांनी नुसता लगडलेला आला. रुळानं तो धरला आणि केराबाईनं झडप घालून मागं ओढला. काटे झंपराच्या बाहीत रुतले आणि तीच आत ओढली जाऊ लागली. लाल दांडा धुळाच्या कोपराशी होता. त्यानं तो दाबला नाही. दोन्ही हातांनी डहाळा धरला आणि जीव खाऊन ओढत राहिला.

दांडा दाबला मल्लिनाथनं, पलीकडून धावत येऊन. केराबाईची बोटं रुळापासून जेमतेम वीतभर होती.

"आरं, दांडा का न्हाय दाबलास?"

धुळानं आता कुठं डहाळा सोडला. स्वतःच्या हातांची त्याला शिसारी आली. "मला लाकडं वाहायला लाव," तो म्हणाला. "हितं नको. माजा माज्या हातावर भरवसा न्हाय."

"मग हितं कोण हुबं ऱ्हाणार?"

केराबाईनं रक्ताळलेला हात पदराला पुसला. "मी ऱ्हाते की. रोज बघतीया. शेंगाबी आधी काडून घेता येतील."

धुळानं मल्लिनाथकडं पाहिलं. तो घड्याळ बघत होता.

"उद्या आठला ये, मावशी," मल्लिनाथ म्हणाला.