मिस्त्रींनी निवडलेला वेल्डर

मिस्त्रींचा तोरा काय सांगावा! गाड्यांच्या पत्र्याचं वेल्डिंग करावं तर त्यांनीच, बाकी सगळे नुसते चिकटवणारे. समोरच्या शेडमधल्या वेल्डरचं तर त्यांनी 'डिंकवाला' असं नावच पाडलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मिस्त्रींचा हात होताच तसा. पातळ पत्र्याला रॉडचं मशीन लावून भोकं पाडणाऱ्यांना ते दारातूनच हाकलायचे. "आधी वायरचं मशीन घे, मग ये शिकायला!" बॅटरी सोडल्याशिवाय आणि आतलं कार्पेट उचलल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही, हा त्यांचा कायदा.

एक खोड मात्र जन्माची. छोटा टाका मारायचा असला की मास्क कोण घालतंय? डोळे मिटायचे, मान वळवायची, मारला टाका. बायको चरफडत त्यांच्या लाल डोळ्यांवर ओल्या घड्या ठेवायची. "अहो, एक दिवस आंधळे व्हाल!" "काही होत नाही गं." संपला विषय.

मुलीच्या जुन्या गाडीला ड्रायव्हरच्या सीटखाली गंजून मोठं भोक पडलं, तेव्हा ती साहजिकच बाबांकडे आली. त्याच गाडीतून ती तान्ह्या लेकराला घेऊन कामावर जायची. मिस्त्रींनी गंजका भाग कापला, नवा पत्रा बसवला, वेल्डिंग केलं, वरून बोट फिरवलं. सरळ, एकसारखी रेघ. मग सवयीने हातोडीचा एक ठोका घातला.

पत्रा खण्णकन खाली पडला.

रेघ सरळच होती, पण सांध्यावर नव्हती. बोटभर बाजूला, कोऱ्या पत्र्यावर. सगळं दोन-चार टाक्यांवरच काय ते टिकलं होतं. वर्षभर धूसर दिसलं की कधी बल्बला, कधी मास्कच्या काचेला दोष देऊन झाला होता. आता कोणाला द्यायचा? पोर या सीटवर बसून भर रस्त्यात निघाली असती तर? गाडीतच बसल्या बसल्या ते रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी ढकलत समोर नेली.

"बाबा, इथे? डिंकवाल्याकडे?" मुलगी चक्रावलीच.

"हळू बोल. त्याचं काम मी चोरून पाहिलंय. हात चांगला आहे त्याचा."

डिंकवाल्याने एकही वाकडा शब्द काढला नाही. तेच जास्त लागलं. खाली शिरताना तो म्हणाला, "मिस्त्री, आत तुम्ही बसा. तुमच्यासारखा माणूस असला की मला घोर नाही."

तळाला खालून वेल्डिंग करताना आत कुठे काही पेट घेतंय का, हे पाहायला पाणी आणि ओलं फडकं घेऊन कुणीतरी बसावंच लागतं. खालच्याला आतलं दिसत नाही. त्याचा जीव आतल्याच्या हाती.

मशीन सुरू झालं. पत्र्यापाशी काहीतरी लाल हललं. मिस्त्री वाकले. जाळ, की नुसता तापलेला पत्रा? काही केल्या कळेना.

"थांब रे! बंद कर!"

"पेटलं का?" खालून घाबरा आवाज आला.

मिस्त्रींनी अंदाजाने पाणी ओतलं आणि मुलीला हाक मारली.

"तू बस इथे," ते म्हणाले. "मला दिसत नाही गं."