घाटमाथ्यावरचे चूपचाचा

चूपचाचांच्या गाडीत गाणं लागत नसे. धामणगाव बढे ते बुलढाणा अशी त्यांची काळीपिवळी जीप चालायची. बाकीच्या जीपवाल्यांनी सीटखाली हे एवढाले स्पीकर बसवून घेतले होते. आमच्या चाचांच्या गाडीत टेपची जागा तेवढी रिकामी होती आणि तिथे ते पानाचा डबा ठेवत. त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक असेल. रोज एकदा ते सगळ्या गाडीला गप्प करायचे, म्हणून चूपचाचा. लहान पोरंही त्यांना तोंडावर तशी हाक मारत आणि ते खुशाल ओ देत.

मी तेव्हा बुलढाण्याच्या एका शाळेत शिकवत होते. सकाळी जाताना राजूर घाट चढायचा, संध्याकाळी येताना उतरायचा. चढताना कितीही गप्पा मारा, चाचांची ना नसे. संध्याकाळी मात्र शहर मागे पडलं आणि घाटाच्या अलीकडचा मोकळा रस्ता लागला, की ते आरशातून मागे बघत म्हणायचे, "चूप बसा बे जरासे. गाडी आइकू द्या." मग भाजीवाल्या सुमनमावशीपासून कोर्टातल्या शिपायापर्यंत सगळे गप्प. मोबाइल बंद, रडक्या पोराच्या तोंडात बिस्कीट. नवखा माणूस बावचळून जायचा. एका पाहुण्याला तर वाटलं, इथे कुणाचा अपघात झाला असणार. त्याने टोपी काढून हात जोडले.

त्या शांततेत चाचा गाडी जराशी डावीकडे, मग जराशी उजवीकडे वळवत. मी नेहमी पुढच्या सीटवर बसायचे, म्हणून हे शिक्षण मला फुकटात मिळालं. खड्ड्यात खडखड झाली तर स्प्रिंगचे पाटे नाहीतर शॉकअप. वळताना कटकट झाली तर कुठलातरी रबरी बुश झिजलेला. आणि वेगाबरोबर वाढत जाणारी एकसुरी घूं असेल तर चाकाचं बेरिंग. डावीकडे वळल्यावर घूं वाढली तर उजवं चाक बघायचं, कारण भार त्याच्यावर जातो. "खडखडीले भेऊ नको बेटा," ते म्हणायचे, "ते बोंबलून सांगते. बेरिंग गुनगुनते, अन् मानसाले वाटते रस्त्याचाच आवाज हाये."

या गोष्टीत त्यांना कुणाचीही भीड नव्हती. एकदा गाडीत लग्नाचं वऱ्हाड होतं आणि बायका गाणी म्हणत होत्या. चाचांनी घाटाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि निवांत पान लावायला बसले. नवरीची आई तणतणली, मामाने दम देऊन पाहिला. गाणं थांबलं तेव्हाच गाडी हलली. उतरताना मामाने पुन्हा या गाडीत बसणार नाही असं बजावलं, आणि महिन्याभराने तोच मामा पुढची सीट धरून बसला होता.

हा हट्ट कुठून आला ते मला चाचींकडून कळलं. चाची उजव्या पायाने लंगडत. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी चाचा त्यांना जुन्या जीपमधून बुलढाण्याला घेऊन गेले होते. येताना टेप मोठ्याने लावलेला. चाकातून घूं येत होती, पण गाण्याखाली ती दबून गेली. घाटात बेरिंग जाम झालं आणि गाडी कठड्यावर आदळली. "त्या दिवशी यायनं टेप उपटून फेकला," चाची हसत सांगायच्या. चाचा मात्र तो विषय निघाला की उठून बाहेर जात.

पुढे पुढे चाचा घाटावर मला विचारू लागले, "काही हाये का, बेटा?" मला वाटलं, परीक्षा घेताहेत. मग लक्षात आलं की मागून ट्रक हॉर्न देतो आणि हे रस्त्याच्या मधोमध चालले आहेत. पैसे देताना कुणी काही बोललं तर ते ओठांकडे बघत. चाचांचे कान निकामी होत चालले होते. ते स्वतःला सांगत असावेत की थोडंसंच कमी येतं, एवढं तर सगळ्यांचंच होतं.

मी सुमनमावशीजवळ विषय काढला. तिला केव्हाचं ठाऊक होतं, सगळ्याच गाडीला ठाऊक होतं. "काऊन सांगतं त्याले?" ती म्हणाली. "गाडी सुटली त् मानूस खाटंले लागंन. आपन आइकू ना त्याच्या बदली." गाडीतल्यांनी तोडगाही काढून ठेवला होता. काही आवाज आला की मावशीने मळमळतंय म्हणून गाडी थांबवायची आणि शिपायाने पाय मोकळे करायच्या मिषाने चाकं बघायची. मला हसू आलं आणि मीही त्यात सामील झाले. एकदा पाट्याचा बोल्ट ढिला झाला होता, तो असाच सापडला. त्या दिवशी सगळ्यांना केवढा आनंद झाला होता.

मग ती संध्याकाळ आली. चाचांनी चूप बसायला सांगितलं, आणि गाडी डावीकडे वळताच घूं आली, अगदी स्वच्छ. मावशीने लगेच उलटीचं सोंग केलं. चाचांनी आरशात पाहिलं, खिशातून लिंबू काढून मागे दिलं आणि म्हणाले, "घाट उतरला का बरं वाटंन." आणि गाडी उताराला लागली. मी त्यांचा दंड घट्ट धरला आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "चाचा, थांबवा. उजवं बेरिंग गेलंय."

त्यांनी पहिल्याच वळणावर गाडी कडेला घेतली. चाकांखाली दगड लावले, जॅक लावला, पुढचं उजवं चाक वरून आणि खालून धरून हलवलं. ते डुगडुगत होतं. मधल्या भागाला त्यांनी हाताची मागची बाजू लावली आणि चटका बसून काढून घेतली. मग ते आमच्याकडे वळले. "सगळ्याइले येत होता का आवाज?" शिपायाने मान हलवली. मावशी लिंबू हातात धरून रडायला लागली.

चाचांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "मी तुमाले चूप बसवत होतो ते आइकाले. माह्यापासून लपवाले नाई."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला इतकी लाज आयुष्यात क्वचितच वाटली असेल, आणि त्यांची इतकी मायाही. त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. चाचींकडे दे म्हणाले, म्हणजे उद्या चाचांनीच मागितली तरी ती द्यायची की नाही ते चाची ठरवतील. चाचींनी ती कधीच दिली नाही. नंतर त्यांची गाडी दुसऱ्या कुणीतरी घेतली आणि चाचा पाच नमाजांच्या मधला वेळ ओट्यावर घालवू लागले. आता तेही नाहीत, ओटा आहे.

पण मला आठवतो तो त्याच संध्याकाळचा बाकीचा घाट. मागून दुसरी काळीपिवळी आली. आम्ही दाटीवाटीने तिच्यात बसलो. इतक्या वर्षांत चाचांना मी पहिल्यांदाच मागच्या सीटवर पाहत होते. स्पीकर दणाणत होता, सीट थरथरत होती. मावशीने डोळे पुसले आणि पुढच्या पोरगेल्या ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "चूप कर ते. गाडी आइकू दे." तो काहीतरी पुटपुटला, पण त्याने गाणं बंद केलं.

चाचा खिडकीबाहेर बघत होते. सीटची थरथर थांबली तसे माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "गानं लागेल होतं का?"

मी मान हलवली.

"बंद केलं?"

मी पुन्हा मान हलवली.

"मंग आइका," चाचा म्हणाले, आणि आमच्या तोंडांकडे बघत बसले.