चौदा नंबरची बाग

शिवयोगी बिराजदार हा माणूस कागदावर बागा लावायचा. सोलापूर चारी बाजूंनी फुगत चाललं होतं. पोट भरायला आलेला जो तो मिळेल तिथं पत्र्याचं छप्पर टाकत होता. त्या गर्दीत एखादा मोकळा तुकडा राहावा, त्यावर चार झाडं नि दोन बाकं असावीत, हे काम महापालिकेच्या कचेरीने आरेखक शिवयोगीच्या टेबलावर टाकलं होतं. कंपासवर त्याचा भारी जीव. जागा कसलीही द्या, लांबट, तिरकी, नाल्याकाठची; हा पठ्ठ्या मधोमध वर्तुळ काढणार, वर्तुळात कारंजं आणि कारंज्याकडे येणाऱ्या आठ वाटा. दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या गावात कारंजं! अशा तेरा बागा त्याने काढल्या.

चौदावी विणकरांच्या वस्तीतली. १९७४ च्या फेब्रुवारीत तो टेप घेऊन गेला तेव्हा मैदान अगदी मोकळं होतं. दोन्ही टोकांना लाकडी खुंटे तेवढे दिसले. म्हशी बांधत असतील, असं समजून त्याने वहीत लिहिलं, ‘अनधिकृत खुंटे, काढून टाकावेत.’ त्या दिवशी अमावास्या होती आणि अमावास्येला वस्तीतले माग बंद असतात, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. जन्म सोलापुरात गेला होता त्याचा.

नकाशा मंजूर झाला. मे महिन्यात एका सकाळी तो चुन्याच्या रेघा मारायला गेला आणि जागीच थबकला. मैदानभर ताणे पसरले होते. या खुंट्यापासून त्या खुंट्यापर्यंत हिरवं, जांभळं सूत ताणलेलं, आणि दोन्ही बाजूंनी बायामाणसं कुंच्याने त्याला खळ लावत होती. पन्नाशीची चंद्रव्वा कुंचा घेऊनच पुढं आली.

“चुना टाकू नका वो, सुताला लागंल.”

“इथं बाग होणार आहे, अक्का.”

“मग ताणा कुटं वढायचा? साठ हात सरळ जागा लागती, सकाळचं ऊन लागतंय. आदी तीन मैदानं हुती, समद्यांवर घरं झाली. ह्ये एकच ऱ्हायलंय की. खळ न्हाय दिली तर मागावर सूत तटातटा तुटतंय. अकरा माग हायत हितं, अण्णा.”

शिवयोगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तडक मोठ्या साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याचीच वही पुढं सरकवली. “जागा मोकळी, खुंटे अनधिकृत. सही कुणाची, बिराजदार?” मंजूर नकाशा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यानंतर पंधरा दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. अकरा मागांच्या पोटावर आपण पाय दिला, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा कंपास बाजूला ठेवला. वर्तुळ पुसलं, कारंजं पुसलं, आठही वाटा पुसल्या. पूर्वेकडच्या कडेला साठ हात लांब, आठ हात रुंद अशी एकच सरळ वाट काढली, टोकांना दगडी खांब दिले आणि वर लिहिलं, ‘वृद्धांसाठी फिरण्याची वाट’. कारंज्याचा खर्च वाचला म्हणून साहेबांनी खुशीत सही केली. शिवयोगीने धावत जाऊन चंद्रव्वाला सांगितलं. तिने त्याला ओट्यावर बसवून शेंगदाणे आणि गूळ खायला दिला. सहा महिने विणकरांनी भर रस्त्यावर ताणे ओढले, ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण बाग होईपर्यंत कळ काढली.

डिसेंबरात बाग उघडली आणि फाटकावर पाटी लागली, ‘वेळ दुपारी चार ते सात’. सकाळी कुलूप. जागेचं माप इंचाइंचाने धरणाऱ्या या माणसाने वेळेचा विचारच केला नव्हता! दुपारी चारनंतर ओला ताणा वाळायचा कसा?

त्याने अर्जांवर अर्ज केले. साहेब म्हणाले, “आज सूत वाळवतील, उद्या पापड घालतील. बाग आहे का अंगण?” सातव्या अर्जाला बदलीची धमकी आली. रखवालदारापुढे त्याने हात जोडले, तर तो बिचारा म्हणाला, “मला नोकरी हाय की, साहेब.” रस्त्यावर तर आता बसगाड्या सुरू झाल्या होत्या. एकेक माग उतरू लागला. बाप्ये यंत्रमागावर गेले, बाया विड्या वळायला. शिवयोगी रोज संध्याकाळी त्या बागेत जाऊन बसे. का बसे, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मार्चमधल्या एका संध्याकाळी फाटकातून चंद्रव्वा आत आली. त्याच्याकडे न बघता वाटेच्या एका टोकाला खाली बसली आणि कोपरापासून बोटापर्यंत हात टेकवत टेकवत पुढं सरकत गेली. फिरायला आलेली म्हातारी माणसं बाजूला झाली. दुसऱ्या खांबाशी पोचल्यावर ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि त्याच्याजवळ आली.

“साठ हात बरुबर हाय, अण्णा. वर चार बोटं जास्तच दिलाव.”

शिवयोगी घाईने म्हणाला, “अक्का, तू तुझा माग विकू नको. मी उद्या आणखी एक अर्ज करतो.”

“सोमवारीच विकला की,” चंद्रव्वा म्हणाली आणि पदराने कपाळ पुसत त्याच्या शेजारी बाकावर बसली.