मुकी पट्टी

हिंगणीच्या भजन मंडळात पेटी वाजवावी ती पुंडलिकरावांनीच, असं गावात कोणीही सांगेल. आणि कोणी नाहीच सांगितलं, तर ते स्वतः सांगत. कानाचा त्यांना भारी तोरा! त्याच कानानं त्यांचा घात केला.

मंडळाच्या जुन्या पेटीचा भाता उंदरांनी पार कुरतडला. भिशीच्या बायांनी पैसे पुढं केले आणि म्हणाल्या, "तुम्हीच निवडा भाऊ, आमाले काय समजते त्यातलं." पुंडलिकरावांच्या भाच्यानं, निकेशनं, मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या बाजारातून एक पेटी शोधून काढली. सागवानी, पितळी कड्यांची. खाली लिहिलेलं, 'एकहाती वापरलेली. सगळे सूर उत्तम. फक्त किरकोळ ओरखडे.' सोबत व्हिडिओ होता. कोणीतरी असा काही तुकडा वाजवला होता, की पुंडलिकराव डोलायलाच लागले. "घेऊन टाक," म्हणाले, "माह्या कानानं पास केली."

पार्सल आलं. दुसरं कोणी असतं तर तिथल्या तिथं खोकं फाडलं असतं. पण मंडळाची पेटी ती! गुरुवारी देवापुढं पूजा झाल्याशिवाय तिला बोट लावायचं नाही, ही इथली रीत. गुरुवार उजाडला. बायांनी हळद-कुंकू वाहिलं, पूजेचा लाल नाडा बांधला, नारळ फोडला. मग पुंडलिकरावांनी ऐटीत बोटं ठेवली. वरच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या नुसती हवा सोडत होत्या, फुस्स! टाळांच्या गलक्यात कोणाच्या लक्षात आलं नाही. पुंडलिकरावांच्या मात्र आलं.

घरी नेऊन त्यांनी पेटीचं झाकण काढलं. सूर बसवलेली आतली पाटी चिरलेली, वरून मेण भरून गुळगुळीत केलेली. निकेशनं फोटो पाठवून विकणाऱ्याला कळवलं. उत्तर आलं, 'खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. हळद-कुंकू लागलेला माल परत होत नाही.' त्यानंतर त्या माणसानं फोनच उचलला नाही. वर्ध्याच्या कारागिरानं पेटी पाहिली आणि हात जोडले. "पाटीच गेली जी," म्हणाला, "यापेक्षा नवी घ्या."

आता हे मंडळाला सांगायचं कसं? ज्यानं सगळ्यांसमोर छाती ठोकून पेटी पास केली, त्यानंच उठून म्हणायचं, की मी फसलो? पुंडलिकरावांची जीभ उचलेना. ते त्या दोन पट्ट्या चुकवून वाजवू लागले.

वाजवणाऱ्याचं निभलं, गाणारीचं नाही. मंडळात चढा सूर लावायच्या त्या आनंदाबाई. त्यांचा आवाज वर जायला लागला, की नेमकी तिथंच पेटी खाली सरकायची. बाई बिचाऱ्या वर एकट्या. आवाज कापायचा, कधी फाटायचा. बाया एकमेकींकडं पाहायच्या. "वय झालं आता आनंदाबाईचं," असं कोणीतरी हळूच म्हणालंसुद्धा. पुंडलिकरावांनी ते ऐकलं आणि भाता ओढत राहिले. पुढं आनंदाबाईंनी भजनाला येणंच सोडलं.

निकेश म्हणाला, "मामाजी, आपणही विकून टाकू नं! 'पूजेतली पेटी, उत्तम स्थिती' असं लिहितो." त्यानं लिहिलंही. सिंदीकडच्या एका मंडळाच्या माणसाचा फोन आला. सज्जन बोलणं. "तुमच्या शब्दावर घेतो भाऊ," म्हणाला, "जरा वाजवून दाखवा."

पुंडलिकरावांनी वाजवलं. झकास वाजवलं!

"वा! बोलते हो पेटी!" पलीकडून दाद आली, आणि पुंडलिकरावांचे हात थांबले. बोटं आपोआप त्या दोन पट्ट्या टाळून फिरली होती. त्या व्हिडिओतली बोटंही अशीच फिरली होती. इतकं डोलले, पण काय वाजत नाही हे काही त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच किळस आली.

"थांबा," ते म्हणाले. फोन पेटीजवळ धरून त्यांनी मुकी पट्टी दाबली. फुस्स. "ऐकलं? हे बोलत नाई. घेऊ नका."

निकेशनं कपाळावर हात मारला. पुंडलिकरावांनी पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि थेट आनंदाबाईंचं घर गाठलं.

बाई अंगणात बसल्या होत्या, गळ्याला मफलर, पुढ्यात हळदीच्या दुधाचा पेला. पुंडलिकरावांनी पेटी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "आनंदाबाई, तुमच्या गळ्याले काई झालं नाई. पेटी मुकी हाय. मले पह्यल्या दिवसापासून ठाऊक होतं."

बाईंनी हात पुढं करून स्वतः पट्टी दाबली. पुन्हा दाबली. बराच वेळ दाबत राहिल्या.

"मी देवाले सांगून टाकलं होतं भाऊ," त्या म्हणाल्या, "तूच देल्ला गळा, नेला तर ने, मी पुन्हा मांगत नाई. अन् तुम्ही बाजूले बसून पाहून राह्यले होते?"

पुंडलिकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंच्या नाही आलं. त्या म्हणाल्या,

"येत्या गुरुवारी मी येतो. ही पट्टी साऱ्याइसमोर दाबून दाखवा. बाया माह्याकडं कशा पाहत होत्या, तशाच तुमच्याकडंही पाहू द्या त्याइले."

"हो," पुंडलिकराव म्हणाले. त्यांनी पेटी पुन्हा कॅरिअरला बांधली.